ईमेल पोहोचतो, तरी पर्लची स्क्रिप्ट ‘अयशस्वी’ का म्हणते?

नमस्कार. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतून सेंडमेल हा ईमेल पाठवणारा प्रोग्राम चालवणाऱ्या प्रेक्षकांकडून एकच तक्रार वारंवार येत आहे : ईमेल व्यवस्थित मिळतो, तरीही स्क्रिप्ट ‘पाठवता आला नाही’ असे सांगून थांबते. पत्ता दुहेरी अवतरणात लिहिल्यास ‘@’ पुढील शब्द ॲरे (मूल्यांची यादी) समजला जातो, आणि हेडर संपल्यावर एक ओळ रिकामी सोडावी लागते, हे आपणांस ठाऊक असेलच. त्यावर वेळ घालवत नाही.

खरी गोम बाहेरची कमांड चालवणाऱ्या ‘सिस्टिम’पुढे लिहिलेल्या ‘ऑर डाय’मध्ये, म्हणजे ‘आधीचे मूल्य असत्य असेल तर थांब’ या सूचनेत आहे. फाइल उघडणारे ‘ओपन’ यशस्वी झाल्यास सत्य मूल्य देते, म्हणून तेथे ‘ऑर डाय’ शोभते. ‘सिस्टिम’ मात्र चालवलेल्या कमांडचे एक्झिट स्टेटस (ती कशी संपली ते सांगणारा आकडा) परत करते, युनिक्समध्ये यशाचा आकडा ० असतो, आणि पर्लच्या लेखी ० म्हणजे असत्य. परिणामी काम फत्ते झाले की ‘डाय’ चालते. याहून वाईट म्हणजे, सेंडमेल खरोखर कोसळले तर हीच ओळ गप्प राहते आणि स्क्रिप्ट काहीच न घडल्यासारखी पुढे जाते. ‘ऑर’ऐवजी ‘अँड’ लिहा, असे काही जण सुचवतात. ते चालते, परंतु पुढे कोड वाचणारा त्यालाच चूक समजून ‘दुरुस्त’ करतो, म्हणून परत आलेले मूल्य सरळ ० शी ताडून पाहावे. ‘पर्ल सोडा, पायथन घ्या’ असे दर व्हिडिओखाली लिहिणाऱ्यांना नम्रपणे सांगतो की, पायथनचे ‘ओएस डॉट सिस्टिम’सुद्धा यशस्वी झाल्यावर ० च देते.

आता ‘सिस्टिम’कडून कधी कधी परत येणाऱ्या ३२५१२ या आकड्याकडे वळू, कारण तो पाहून अनेक जण गोंधळतात. एक्झिट कोड वरच्या ८ बिटांत असतो, म्हणून २५६ ने भागावे. उत्तर १२७ येते, म्हणजे शेलला (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला) कमांड सापडलीच नाही. ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या क्रॉनचा पाथ, म्हणजे कमांड शोधण्याच्या फोल्डरांची यादी, बहुधा ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/बिन’ एवढाच असतो, सेंडमेल मात्र ‘/यूएसआर/एसबिन’मध्ये राहते, त्यामुळे हाताने चालवलेली स्क्रिप्ट चालते आणि रात्रीची फसते. कमांडचा पूर्ण पाथ लिहिला की हा प्रश्न मिटतो. कमांडमध्ये पाइप (‘|’) किंवा शेलसाठी विशेष अर्थ असलेले तत्सम चिन्ह नसेल तर पर्ल शेलला मध्ये घेत नाही, आणि तेव्हा याच चुकीला -१ मिळतो; चुकीचे कारण ‘$!’ या पर्लच्या चलात वाचावे.

० मिळूनही ईमेल पोहोचला नाही, तर सेंडमेलने तो स्वीकारला आहे, एवढेच सिद्ध होते. अशा वेळी ‘मेलक्यू’ या कमांडने न गेलेल्या ईमेलची रांग पाहावी आणि तेथे तो अडकलेला दिसल्यास पर्लची एकही ओळ न बदलता मेल सर्व्हरचा लॉग उघडावा.