टेबलावरचा छोटा रेडिओ

नमस्कार श्रोतेहो.

माझा आवाज तुम्ही आत्ता रेडिओवर ऐकताय. ज्यांच्या घरी संगणक आहे, त्यांच्या टेबलावर बहुधा आणखी एक रेडिओ असेल, पण त्याला आपण रेडिओ म्हणत नाही. तो म्हणजे बिनतारी माउस. त्याच्या पोटात एक प्रक्षेपक असतो आणि संगणकाला लावलेलं नखाएवढं डोंगल त्याचं म्हणणं ऐकत असतं. आपल्या नागपूर केंद्राची मध्यम लहर ५८५ किलोहर्ट्झची. तिची लांबी अर्ध्या किलोमीटरहून थोडी जास्त भरते आणि ती खेड्यापाड्यांत, शेतशिवारात पोचते. माउसची लहर २.४ गिगाहर्ट्झची, जेमतेम साडेबारा सेंटिमीटरची. तिची ताकद इतकी कमी असते की साधारण दहा मीटरच्या पुढे तिचं काही चालत नाही. मध्ये लोखंडी पत्रा आला की ती अडते, माणूस आडवा आला तरी क्षीण होते.

मी ज्येष्ठ मंडळींना संगणक शिकवते. या माउसच्या लहरीपणाचा खरा त्रास काय असतो, ते मला तिथे दिसतं. तरुण मुलांचा माउस अडला की ती माउस आपटतात. साठी-सत्तरीतली माणसं मात्र स्वतःलाच दोष देतात. प्रतापनगरच्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे यायच्या. नातवंडांचे फोटो एका फोल्डरमधून दुसऱ्यात ओढून न्यायला लागल्या की फोटो मध्येच कुठेतरी सुटायचा. एक क्लिक केलं तरी दोन पडायचे आणि भलतंच काही उघडायचं. एक दिवस त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, माझ्या हाताला कंप सुटलाय बहुतेक. आता हे जमायचं नाही." मी त्यांना शेजारचा माउस दिला. त्याच हातानं सगळे फोटो सरळ जाऊन बसले.

दोष बटणाखालच्या मायक्रोस्विचचा होता. त्यात धातूची एक पातळ पट्टी असते. दाबली की टेकते, सोडली की उसळून वर येते. वापरून वापरून तिचा ताण कमी होतो, टेकण्याच्या जागेवर गंज नाही तर मळ धरतो, आणि मग एकाच दाबण्यात ती दोन-तीनदा टेकून सुटते. संगणकाला तेवढे क्लिक मोजावे लागतात. बोट दाबलेलंच असतं, पण संगणकाला वाटतं सोडलं, आणि फोटो वाटेतच पडतो. तुमच्या घरी कुणी "माझा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही" असं म्हणत असेल, तर आधी दुसरा माउस देऊन बघा. हे मी अगदी कळकळीनं सांगते, कारण या एका गैरसमजापायी माणसं संगणक कायमचा बंद करून बसलेली मी पाहिली आहेत.

हाताला खरोखरच कंप असेल, तरी वाट आहेच. विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये माउस नावाच्या जागी डबल क्लिकचा वेग कमी करता येतो, पडद्यावरचा बाण मोठा करता येतो. दोन मिनिटांचं काम आहे. घरातल्या मुलांनी ते करून द्यावं.

आता बाण अडखळतो, त्याबद्दल. माउस हलवावा आणि बाण जागीच राहावा, मग एकदम उडी मारून पुढे जावा, हे सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. बहुतेक जण लगेच सेल बदलतात. कधी सेलच संपत आलेला असतो, पण पुष्कळदा गडबड हवेतल्या गर्दीची असते. घरातलं वायफाय, ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातलं मायक्रोवेव्ह, सगळी याच २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास वावरतात. त्यात आणखी एक भागीदार आहे, तो फारसा कुणाला माहीत नसतो. निळ्या जिभेचं जे यूएसबी ३ पोर्ट असतं, त्यात हार्ड डिस्क लावून फाइली उतरवायला घेतल्या की त्या जोडणीतून याच पट्ट्यात गोंगाट पसरतो. इंटेल कंपनीनं २०१२ साली त्यावर रीतसर माहितीपत्रक काढलं होतं. म्हणजे तुम्ही फोटोंची प्रत हार्ड डिस्कवर काढत असता आणि नेमका तेव्हाच माउस रुसतो, हा योगायोग नाही. डोंगल त्या पोर्टाच्या शेजारून काढून काळ्या जिभेच्या पोर्टात लावा. त्याहून चांगलं म्हणजे एक छोटी यूएसबी एक्स्टेन्शन वायर आणा आणि डोंगल टेबलावर माउसच्या जवळ आणून ठेवा. सीताबर्डीत अशी वायर अगदी सहज मिळते. ज्यांचा सीपीयू टेबलाखाली आहे आणि डोंगल त्याच्या पाठीत खोचलेलं आहे, त्यांचं दुखणं तर या वायरीनं बहुतेक वेळा तिथल्या तिथे मिटतं, कारण मधला लोखंडी डबाच वाटेतून जातो.

माउसच्या खालच्या बाजूला एक बारीकसा कॅमेराही असतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. तो पृष्ठभागाची चित्रं काढत राहतो, सेकंदाला हजाराच्या वर, आणि एका चित्राची दुसऱ्याशी तुलना करून आपण किती सरकलो ते ठरवतो. त्याला बघायला काहीतरी खरखरीत, रेषा-ठिपके असलेलं हवं. आपल्याकडे टेबलावर काच अंथरून तिच्याखाली कॅलेंडर, देवाचा फोटो, फोन नंबरांची यादी सरकवायची पद्धत आहे. साध्या माउसला ती काच चालत नाही, चकचकीत सनमायकाही कधीकधी चालत नाही. त्यावर जुन्या वहीचा पुठ्ठा ठेवला तरी पुरे. आणि खाली लाल दिवा दिसला नाही म्हणून माउस मेला असं समजू नका. बऱ्याच बिनतारी माउसमध्ये डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो.

काही वेळ हात लावला नाही की माउस झोपतो. सेल वाचवण्यासाठी तशी सोयच केलेली असते. काही माउस नुसते हलवून जागे होत नाहीत, त्यांना एक क्लिक लागतो.

सेलाबद्दल मात्र नागपूरकरांना वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, आपण घराला कुलूप लावून गावी जातो आणि बंद खोलीत माउस पडून असतो. उष्णतेनं सेल लवकर उतरतो आणि उतरलेला सेल फुटून पाझरला तर आतल्या पत्र्यांवर पांढरी भुकटी धरते. ती अल्कलीची असते. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसली की निघते, पण नंतर पूर्ण कोरडं करायचं आणि भुकटीला बोट लावायचं नाही. गावी जाण्याआधी सेल काढून ठेवला की हा व्यापच उरत नाही.

मला कुणी सल्ला विचारला तर मी सांगते की संगणक एकाच जागी असेल, तर वायरचा माउस घ्या. सेल नको, डोंगल नको, हवेतली गर्दी नको. लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्यांना, किंवा पलंगावर बसून पडदा लांबून बघणाऱ्यांना बिनतारी माउसची खरी गरज असते.

दुरुस्तीला नेताना माउससोबत डोंगलही न्या. स्वस्तातले बहुतेक माउस आपल्याच डोंगलशी बोलतात, दुसरं लावून चालत नाही. बऱ्याच माउसच्या पोटात सेलाशेजारी डोंगल ठेवायला खाच असते, ती वापरा. वॉरंटी बाकी असेल तर दुकानाची पावती शोधा. ती संपली असेल तर मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एखाद्या भावाला विचारा, मायक्रोस्विच बदलून मिळेल का. स्विच अगदी किरकोळ किमतीचा असतो आणि दोन-तीन टाके डाकले की काम होतं. त्या शिक्षिकाबाईंचा माउस असाच दुरुस्त झाला.

नमस्कार.