राजूर : डांगाणातलं बाजाराचं गाव

(दृश्य : भर बाजारपेठेतून डोंगराकडे निघालेल्या गाड्या)

भंडारदऱ्याला निघालेल्या गाड्या राजुरात थांबतात त्या बहुधा पेढ्यांसाठी. पेढे घ्यायचे, चहा मारायचा आणि धरणाची वाट धरायची. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पार पश्चिमेला, अकोले तालुक्यातलं हे गाव. पाहुण्यांच्या लेखी ते वाटेत लागतं. डोंगरातल्या वाड्यांच्या लेखी मात्र वाट इथेच संपते. शाळा, दवाखाना, बियाणं, लग्नाचा बस्ता, सगळ्याला राजूरच.

या पावसाळी डोंगरपट्ट्याला डांगाण म्हणतात. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची इथे जुनी वस्ती. इंग्रजांविरुद्ध बंड करून १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेलेले राघोजी भांगरे इथलेच, देवगावचे. कळसूबाई, म्हणजे १६४६ मीटर उंचीचं राज्यातलं सर्वोच्च शिखर, इथून फार लांब नाही. रतनगड आणि हरिश्चंद्रगडही याच तालुक्यात.

(दृश्य : पाऊस, भाताची खाचरं)

जुलैत शहरातली माणसं पाऊस बघायला येतात. गावाला त्याच पावसात आवणी उरकायची असते. पोटऱ्या चिखलात, पाठीवर पूर्वी इरलं असायचं तिथे आता प्लास्टिकचा कागद, आणि दिवसभर वाकून भात लावायचा. गुरंही या पावसाला सरावलेली. काळ्या-पांढऱ्या रंगाच्या डांगी जनावराच्या कातडीवर तेलकट थर असतो, त्यामुळे ते धो धो पावसातही टिकतं. राजुरात डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. धबधबे सगळेच बघतात. मला विचाराल तर एकदा ठरवून या प्रदर्शनाला यावं. धष्टपुष्ट वळू, त्यांना घासूनपुसून आणलेले मालक आणि भोवती जाणकारांचा घोळका. गावाचा खरा तोरा तिथे दिसतो.

(दृश्य : धरणाची भिंत)

भंडारदऱ्याचं धरण १९२६ चं. प्रवरा अडवली आणि खाली संगमनेर, श्रीरामपूरच्या बाजूला ऊस उभा राहिला. वरच्या कित्येक वाड्यांवर मात्र एप्रिल-मे आला की बायकांच्या डोक्यावर हंडे. कातळ आणि उतार, पडलेला पाऊस जमिनीत मुरत नाही, हे कारण खरंच. पण धरणातलं पाणी खाली आपसूक जातं आणि वर चढवायला वीज-पैसा लागतो, हेही तितकंच खरं.

(दृश्य : रात्र, काजव्यांनी भरलेलं झाड)

मेअखेर वळिवाच्या सुमारास हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर काजवे चमकू लागतात आणि गाड्यांच्या रांगा लागतात. काजव्यांची ती उघडझाप म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. त्यावर हेडलाइटचा झोत पडला की सगळाच घोटाळा. तरीही पाहुणे नकोत, असं इथे सहसा कुणी म्हणणार नाही. तंबू लावणारी, वाट दाखवणारी पोरं वाड्यांवरचीच. पावसाआधीचे चार पैसे बियाण्याला आणि खताला उपयोगी पडतात. तेव्हा यायचं तर जरूर यावं. दिवे मालवावेत, झाडं हलवू नयेत, आणि जेवण-मुक्काम वाडीतल्याच एखाद्या घरी करावा. पेढे परतीच्या वाटेवरही मिळतात.