बोचक्यातल्या चिंध्या आणि स्टीलचं पातेलं

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

काल याच व्यासपीठावर चांद्रयानाचं व्याख्यान झालं. आज चिंध्या. कालच्या वक्त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली, मी येताना बोचकं घेऊन आले आहे. मघाशी दारातल्या पोरानं विचारलं, "बाई, हे कपडे गोळा करायला आणलंय का?" त्याला म्हटलं, नाही रे, हेच आजचं व्याख्यान आहे.

पत्रिकेत विषय छापलाय, "शिवणकामात उरलेल्या तुकड्यांचं काय करावं". मी विज्ञानाची शिक्षिका, शिवणाची नाही. पण पन्नास वर्षं डोक्यात एक गोष्ट घोळतेय, ती आधी सांगते. तुकड्यांकडे मग येते.

आपल्याकडे कुणालाही विचारा, गोधडी का गेली? उत्तर ठरलेलं: ब्लँकेट आलं, सोलापुरी चादर आली, रजई आली. मला ते पटत नाही. चादर तर आधीपासूनच होती. आमच्या घरी चादर पाहुण्याला आणि वाकळ घरच्याला अशी सरळ वाटणी असायची. (गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, सीमेपलीकडे गेलात तर कौदी म्हणा. मी सांगली भागातली, माझ्या तोंडी वाकळच येणार.) माझं म्हणणं असं की वाकळ घालवली ती स्टीलच्या पातेल्यानं.

हसा. पण ऐका.

आमच्या आजीच्या खाटेखाली दोन गाठोडी असायची. एक मोठं, एक लहान. मोठ्यात तिची जुनी लुगडी आणि आजोबांची धोतरं. विरलेली, पण अख्खी. लहान बोचक्यात चिंध्या: चोळ्यांच्या खणांचे उरलेले कोपरे, आमच्या परकरांचे तुकडे, शिंप्याकडून आणलेली कात्रणं. कात्रण म्हटलं की हल्ली लोकांना वर्तमानपत्रच आठवतं, तेव्हा शिंप्याच्या मशीनखालचा ढीग आठवायचा. वैशाखात दुपारी वाकळ शिवायला सोप्यात लुगडं अंथरलं जायचं आणि दोन्ही गाठोडी एकदमच सुटायची. एक सोडलं आणि दुसरं नाही, असं कधी व्हायचं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर एका वर्षी दारात बोहारीण आली. डोक्यावर टोपली, त्यात चकचकीत भांडी. तोवर आमच्याकडे पितळ होतं, कल्हई लावून लावून आई कंटाळली होती. बोहारणीनं ओट्यावर एक पातेलं ठेवलं. आई त्यात स्वतःचं तोंड बघत राहिली, मला अजून आठवतंय. आजी शेतावर गेलेली. आईनं मोठं गाठोडं बाहेर ओढलं. बोहारणीनं एकेक लुगडं उजेडात धरलं, काठाला बोट लावून बघितलं, नाक मुरडलं, परत ठेवल्यासारखं केलं, परत उचललं. तासभर चाललं होतं. शेवटी चार लुगडी आणि दोन धोतरांवर पातेलं ठरलं. आईनं घासाघीस करून वर झाकणही काढलं, त्याचा तिला शेवटपर्यंत अभिमान होता. मग तिनं लहान बोचकं पुढे केलं. बोहारीण म्हणाली, "तुकडं नगं बाई, अख्खं दे."

संध्याकाळी आजी आली. पातेलं बघितलं, खाटेखाली बघितलं. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सगळे जेवायला बसल्यावर आईला म्हणाली, "आता थंडीला ह्यो टोप पांघरा सगळी मिळून."

घरात याला विनोद म्हणतात. पन्नास वर्षं दर दिवाळीला कुणीतरी हा किस्सा सांगतं आणि सगळे हसतात. मला त्यात वाकळीचं सगळं अर्थशास्त्र दिसतं. तोवर विरलेल्या लुगड्याला बाजारात किंमत नव्हती, म्हणून ते अंथरुणात यायचं. किंमत आली आणि ते दाराबाहेर गेलं. चिंध्या घरातच राहिल्या, कारण त्या कुणालाच नको होत्या. हे टेबलावरचं बोचकं तेच आहे.

लोकांना वाटतं वाकळ चिंध्यांची असते. नसते हो! चिंध्या वरचं रूप. वाकळीचं अंग म्हणजे जुनेर, जुनं विरलेलं पण अख्खं कापड. हिशोब बघा. नऊवारी लुगडं सुमारे सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या घाला, दोन मीटर लांबीचे चार पदर पडतात. म्हणजे एका माणसाचं पांघरूण, कात्री न लावता. ज्यानं लुगड्याची लांबी ठरवली त्याच्या मनात वाकळ होती असं मी म्हणत नाही, पण आजीच्या मनात नक्कीच होती. नवीन लुगडं घेताना ती हातानं चुरगळून बघायची. विचारलं तर म्हणायची, "पुढं ह्याचं काय व्हतंय ते बघतीया."

आणि हे जुनेर दुसऱ्या बाजूनंही आटलं. घरात टेरिकॉट आलं, नायलॉनच्या साड्या आल्या. सुती कापड धुवून धुवून खळ सोडतं, मऊ पडतं, विरतं. नायलॉन म्हातारं होतच नाही. फाटतं, पण मऊ होत नाही. घाम टिपत नाही, रात्रभर अंगावरून सरकत राहतं. बाळाचं दुपटं आजीच्या लुगड्याचंच का, तर आजीची माया हे खरंच, पण त्या कापडातला कडकपणा पाच-सहा वर्षांच्या धुण्यात निघून गेलेला असतो, हेही तितकंच खरं.

आता थोडं विषयांतर. (अध्यक्ष घड्याळ बघतायत. दोनच मिनिटं.) सुभद्रेची बाजू कुणीतरी मांडायला हवी. कृष्णाचं बोट कापलं, चिंधी हवी होती. सुभद्रा म्हणाली, घरात शालू आणि पैठण्याच आहेत, चिंधी नाही. द्रौपदीनं अंगावरचं भरजरी वस्त्र फाडलं. आपण सगळे लहानपणापासून सुभद्रेला नावं ठेवत आलो. मी म्हणते, ज्या घरात शोधून एक चिंधी सापडत नाही, ते घर किती नेटकं असेल! सगळ्या चिंध्या वाकळीत गेल्या असतील बिचारीच्या. यावर आमच्या यजमानांचा आक्षेप असा की द्वारकेत थंडी पडत नाही. पडत नसेल. आमचे यजमान जूनमध्येही पांघरूण घेतात.

दुसरं, गाडगेबाबा. १८७६ चा जन्म, १९५६ ला गेले. अंगावर ठिगळांचं वस्त्र, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणायचे, चिंधेबुवाही म्हणायचे. चिंधी शब्दाला 'बुवा' लागलेला आपल्या भाषेत हा एवढाच प्रसंग असावा. एरवी चिंधी म्हणजे शिवीच. पोरं एकमेकांना काय चिंधीगिरी म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

आता माझी तक्रार. गेल्या वर्षी एका प्रदर्शनात मी गोधडी घेतली. सुरेख, चौकोनी तुकडे, एकही वाकडा नाही. मला तिथेच संशय यायला हवा होता. चिंधी चौकोनी नसते! काखेतली चिंधी चंद्रकोरीसारखी, गळ्यातली पावासारखी. विचारलं तर बाई अभिमानानं म्हणाल्या, "मॅडम, सगळं नवीन कापड आहे, ठाणातून कापलंय." म्हणजे ठाण विकत घ्यायचं, कात्रीनं त्याच्या चिंध्या करायच्या आणि मग त्या जोडायच्या. शिवाय त्यात जी नवी कात्रणं उरली असतील, ती गेली कुठे? घरी आणून पहिल्यांदा धुतली, तर लाल तुकड्यानं शेजारच्या पांढऱ्याला गुलाबी केलं आणि एक कोपरा आखडून वर आला. अजून तसाच आहे. यजमान त्याला कान म्हणतात.

चिठ्ठी आली. "सात मिनिटे." बरं. जे सांगायला आले होते ते आता पळत सांगते.

चिंध्या तुमच्याकडे आहेत, जुनेर नाही. म्हणून आधी खालचा पदर शोधा. सुती पलंगपोस, सुती साडी, पंचे, धोतर, काहीही, फक्त विरलेलं हवं. ते नसेल तर तुकडे जोडायला बसूच नका.

तुकडा सुती आहे का ते कळत नसेल तर त्याचा एक धागा निरांजनावर धरा. कागदासारखा जळून मऊ राख झाली तर सुती. वितळून टोकाला कडक मणी झाला तर बाजूला ठेवा, त्याची पिशवी करा. टी-शर्टचं कापड ताणतं, तेही सुती साडीवर नको. नवीन कात्रणं आधी भिजवून, धुवून, वाळवून घ्या. लाल आणि गडद निळी वेगळी, पाणी स्वच्छ येईपर्यंत. आखडायचं ते तिथेच आखडू दे.

चार बोटांपेक्षा लहान तुकडे पदरांच्या मध्ये कोंबू नका, त्यांच्या गाठी होतात आणि वाकळ धुतली की सगळ्या एका कोपऱ्यात जातात. ते आधी एकमेकांना जोडून पट्टी करा.

दोरा सुतीच. दोरा कापडापेक्षा चिवट असला तर वाकळ फाटते ती टाक्यापाशी. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो.

टाका साधा धावदोरा. दीड सेंटिमीटरवर एकेक ओळ घेतली, तर दोन मीटर बाय सव्वा मीटरच्या जवळपासच्या वाकळीला साधारण १६० मीटर शिवण होते. टाका वर-खाली मिळून सेंटिमीटरभर धरलात तर १६,००० टाके. घाबरू नका, उन्हाळा मोठा असतो. पण फार दाटही घालू नका. ऊब कापडाची नसते, पदरांत अडकलेल्या हवेची असते. टाके दाट झाले की हवा चेपली जाते.

आणि सुरुवात कडेपासून करा. इथे मला उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांचं नाव घ्यायचंय. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड हा तो भाग, आपल्यापासून फार लांब नाही. आफ्रिकी मुळाचा हा समाज. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. खाली साडी अंथरतात, कडेनं तुकडे दुमडून लावत जातात आणि गोल गोल आत मध्यापर्यंत येतात. आधी नकाशा आखत नाहीत. हातात जो तुकडा आला, तो पुढे काय बसेल ते ठरवतो, त्यामुळे चंद्रकोर असो की पाव, काहीच कापून चौकोनी करावं लागत नाही. शेवटी चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांचं फूल लावतात. फूल नसलेली कवंदी त्यांच्या दृष्टीनं उघडी. यावर खरं तर वेगळं व्याख्यान…

घंटा झाली. ठीक.

बोचकं टेबलावर ठेवते, जाताना हात घालून बघा, हवं ते घेऊन जा. फक्त ती जांभळ्या खणाची उचलू नका. तिचं फूल करायचंय, एक कोपरा अजून राहिलाय.