खोडदच्या माळावर ठिणगीचा माग

नारायणगाव सोडून खोडदच्या रस्त्याला लागलं, की शेतांच्या पलीकडे तारेच्या जाळीच्या अजस्र डिश दिसू लागतात. ही जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप), पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राची रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. इथे रेडिओ गोंगाट कमी, म्हणून तर ही जागा निवडली.

आकाशातून येणारे संकेत फार क्षीण असतात. चंद्रावर एखादा मोबाइल चालू ठेवला, तर तोही आकाशातल्या ठळक रेडिओ स्रोतांमध्ये गणला जाईल! मग इथल्याच एखाद्या विजेच्या खांबावर उडणारी ठिणगी केवढा गोंधळ घालत असेल? ती हुडकायला लागतो स्पेक्ट्रम अॅनालायझर, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती ताकदीचा संकेत आहे हे दाखवणारं यंत्र.

पडद्याकडे बघा. आडवी फ्रिक्वेन्सी, उभी ताकद. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमधली ही शिखरं एफएमची. ९३५ च्या पुढचा हा ठोकळा मोबाइल टॉवरचा. दुर्बिणीचे आजचे पट्टे ८५० ला थांबतात आणि १०५० ला पुन्हा सुरू होतात, कारण मधल्या जागेत मोबाइलची वर्दळ आहे. तळाशी थरथरणारी रेघ म्हणजे नॉइज फ्लोअर, कायम असणारा गोंगाट. रिझोल्यूशन बँडविड्थ, म्हणजे यंत्र एका वेळी तपासतं त्या पट्टीची रुंदी, १०० किलोहर्ट्झवरून १ किलोहर्ट्झवर आणली, की ती रेघ २० डेसिबल खाली बसते आणि तिच्याखाली दडलेलं एखादं बारीक शिखर वर डोकावतं. पण स्वीपला, म्हणजे पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंतच्या एका फेरीला, वेळ कितीतरी जास्त लागतो.

आता हे दात बघा, कंगव्यासारखे, सारख्या अंतरावर. नवख्याला वाटतं, इतक्या फ्रिक्वेन्सींवर कुणीतरी प्रक्षेपण करतंय. तसं नाही. ठिणगी एकाच वेळी सगळ्या पट्ट्यात पसरते. यंत्र मात्र डावीकडून उजवीकडे सरकत एकेक फ्रिक्वेन्सी तपासतं. ठिणगी उडाली त्या क्षणी ते जिथे होतं, तिथे दात उमटला. स्वीपचा वेळ बदला: दातांमधलं अंतर बदलेल, एफएमचं शिखर मात्र जागचं हलणार नाही.

खात्री करायची तर झीरो स्पॅन. यंत्र एकाच फ्रिक्वेन्सीवर थांबतं आणि आडवा अक्ष वेळेचा होतो. ठोके दर १० मिलिसेकंदांनी पडतायत. आपली वीज ५० हर्ट्झची, एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, त्यात दोन टोकं; म्हणजे गुन्हेगार विजेच्या तारेवरच आहे.

हे सगळं नोंदवताना नुसता पडद्याचा फोटो काढून अजिबात भागत नाही. स्पॅन (पडद्यावरचा फ्रिक्वेन्सीचा एकूण पल्ला), बँडविड्थ, स्वीपचा वेळ, डिटेक्टर (प्रत्येक बिंदूला कोणता आकडा धरायचा त्याची पद्धत), अॅटेन्युएटर (आत येणारा संकेत किती कमी केला), कोणती अँटेना, तिचं तोंड कुठल्या दिशेला, तारीख, वेळ: यातलं एक जरी राहिलं, तरी पुढच्या माणसाला त्या आलेखाची तुलना कशाशीच करता येत नाही. यंत्राचा मॅक्स होल्ड लावला असेल तर तेही लिहायचं. तो फक्त कमाल आकडे धरून ठेवतो, ठिणगी सतत होती की क्षणभर, हे सांगत नाही.

मग दिशादर्शी अँटेना फिरवत, जिथे ठोके सर्वात जोरकस तिकडे चालत जायचं. वेगवेगळ्या जागांवरून धरलेल्या दिशा नकाशावर जिथे छेदतात, तिथले खांब तपासायचे. सैल पडलेला क्लॅम्प किंवा तडकलेली चिनी मातीची चिमणी (तार खांबापासून अलग ठेवणारा इन्सुलेटर), कारण बहुधा एवढंच असतं. वायरमननं दुरुस्ती केली, की पुन्हा त्याच जागी, त्याच सेटिंगवर नोंद घ्यायची आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवायचे. दात गेले असतील, तरच त्या खांबाचं काम संपलं.