उंच स्वार, बुटका घोडा

नमस्कार श्रोतेहो.

आज मी तुम्हाला न्यूझीलंडच्या एका घोडेस्वाराबद्दल सांगणार आहे. त्याचं नाव मार्क टॉड. त्याचा खेळ इव्हेंटिंग, म्हणजे घोडेस्वारीतली तीन अंगांची परीक्षा. आधी ड्रेसाज: आखलेल्या चौकोनात घोड्याला ठरावीक चाली, वळणं, थांबे करून दाखवायचे. मग क्रॉस कंट्री: माळरान, उतार, पाणी, खंदक आणि न हलणारे लाकडी अडथळे, तेही घड्याळाशी शर्यत लावून. शेवटी शो जंपिंग. त्यातल्या दांड्या नुसता खूर लागला तरी खाली येतात. तिन्ही वेळा घोडा तोच आणि स्वारही तोच. सगळा हिशेब दंडाच्या गुणांचा, त्यामुळे ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकला. पुरुष आणि स्त्रिया एकाच पदकासाठी लढतात. वयाचंही फारसं चालत नाही, हे पुढे येईलच.

टॉडचा जन्म १९५६ सालचा, केंब्रिज गावातला. इंग्लंडमधलं नव्हे, न्यूझीलंडमधलं. शर्यतीचा जॉकी व्हावं असं त्याला वाटायचं, पण उंची आड आली. तो सहा फुटांच्या बराच वर गेला आणि जॉकी होणं तिथंच संपलं. मग त्यानं इव्हेंटिंग धरलं. १९८० मध्ये, चोविसाव्या वर्षी, तो सदर्न कम्फर्ट नावाचा घोडा घेऊन इंग्लंडमधल्या बॅडमिंटनच्या स्पर्धेत उतरला आणि जिंकून आला. (नावावरून फसू नका, ही घोड्यांचीच स्पर्धा आहे, या खेळातली सर्वांत मानाची.) न्यूझीलंडच्या कुणा स्वारानं ती त्याआधी जिंकलेली नव्हती.

नंतर त्याच्याकडे करिस्मा आला. एवढ्या उंच माणसासाठी हा घोडा अगदीच ठेंगणा. खांद्यापाशी मोजला तर एकशे साठ सेंटिमीटरच्या आसपास. त्यात खादाड, म्हणून लाडाचं नाव पॉज (इंग्रजीत Podge, म्हणजे गोलमटोल). टॉड त्यावर बसला की त्याचे पाय जवळजवळ घोड्याच्या पोटाखाली लोंबायचे. या जोडीवर पैज लावायला कुणी पुढे आलं असतं असं मला वाटत नाही.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ही जोडी अंतिम दिवसापर्यंत पदकाच्या टप्प्यात होती. टॉडनं शो जंपिंगची फेरी एकही दांडी न पाडता पूर्ण केली. त्याचे गुण झाले ५१.६. त्याच्या पुढे होती अमेरिकेची कॅरन स्टाइव्हज. घरचं मैदान, घरची गर्दी, आणि दंड फक्त ४९.२. तिला एकच काम होतं, दांडी न पाडता फेरी संपवायची. पण एक दांडी पडली. आज एका दांडीला चार गुण दंड होतो, तेव्हा पाच होत. ४९.२ चे ५४.२ झाले, आणि घोडेस्वारीतलं न्यूझीलंडचं पहिलं ऑलिंपिक पदक थेट सोन्याचं निघालं. यात नशीब होतं का? होतंच. पण आपली फेरी आधी निर्दोष केली असेल तरच दुसऱ्याच्या चुकीचा उपयोग होतो.

चार वर्षांनी सोलला मात्र नशिबाला काही कामच उरलं नाही. करिस्मा तेव्हा सोळा वर्षांचा होता, या खेळात म्हातारा म्हणावा असा. टॉडचे गुण ४२.६, तर रौप्यपदक मिळवणाऱ्या इयन स्टार्कचे ५२.८. दहा गुणांहून जास्त अंतर! एकाच घोड्यावर लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळवण्याचा पराक्रम त्याआधी नेदरलँड्सच्या पाहूद द मोर्तांजनं केला होता, १९२८ आणि १९३२ मध्ये, मार्क्रोआ या घोड्यावर.

पण खरं सांगू? टॉडची थोरवी मला करिस्मापेक्षा परक्या घोड्यांवर जास्त दिसते. स्वार आणि घोडा यांचं जुळायला वर्षं जातात असं या खेळातले लोक सांगतात, आणि ते खरंच आहे. तरी १९९४ मध्ये बॅडमिंटनच्या ऐन तोंडावर हॉर्टन पॉइंट नावाच्या घोड्याच्या स्वार मालकिणीचं गळ्याजवळचं हाड मोडलं. घोडा तयार, स्वार नाही. टॉडला विचारलं, तो बसला, आणि जेमतेम ओळख झालेल्या त्या घोड्यावर बॅडमिंटन जिंकला. घोड्याला आपल्यासारखं करण्याऐवजी आपण घोड्यासारखं व्हायचं, ही त्याची हातोटी.

पुढच्याच वर्षीचा प्रसंग तर आजही सांगितला जातो. घोडा बर्टी ब्लंट, मैदान बॅडमिंटनचंच. क्रॉस कंट्रीत रिकिबीचा चामडी पट्टा तुटला. रिकीब म्हणजे स्वाराच्या पायाचा आधार. उडीच्या वेळी सगळा भार तिच्यावरच पडतो. एका बाजूला रिकीब, दुसऱ्या बाजूला पाय नुसता हवेत, आणि समोर बहुतांश मार्ग बाकी. कुणीही घोडा थांबवला असता. टॉड तसाच उड्या मारत शेवटपर्यंत गेला. जिंकणं त्या वर्षी नशिबात नव्हतं, पण १९९६ मध्ये त्याच बर्टी ब्लंटवर त्यानं बॅडमिंटन जिंकलं.

मधली वर्षं भराभर सांगतो. १९९२ ला बार्सिलोनात सांघिक रौप्य, २००० ला सिडनीत आयस्पाय या घोड्यावर वैयक्तिक कांस्य. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघानं त्याला विसाव्या शतकातला सर्वोत्तम इव्हेंटिंग स्वार ठरवलं. सिडनीनंतर तो निवृत्त झाला आणि मायदेशी घोड्यांच्या पैदाशीत रमला.

रमला खरा, पण आठ वर्षांनी बीजिंग ऑलिंपिकला पुन्हा खोगिरावर! २०११ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, लँड व्हिजनवर बॅडमिंटन. पहिल्या विजेतेपदानंतर एकतीस वर्षांनी. २०१२ ला लंडनमध्ये सांघिक कांस्य. २०१३ पासून तो सर मार्क टॉड झाला. २०१६ ला रिओत साठाव्या वर्षी सातवं ऑलिंपिक. तिथं शेवटच्या दिवशी त्याच्या घोड्यानं एकामागून एक दांड्या पाडल्या आणि न्यूझीलंडचा संघ चौथ्या क्रमांकावर घसरला. २०१९ मध्ये तो दुसऱ्यांदा निवृत्त झाला आणि इंग्लंडमध्ये शर्यतीचे घोडे तयार करू लागला.

इथं थांबता आलं असतं, पण मग चरित्र अर्धंच सांगितल्यासारखं होईल. २०२२ मध्ये एक जुनी चित्रफीत बाहेर आली. प्रशिक्षण वर्गात एक घोडी पाण्यात उतरायला तयार नाही, आणि टॉड झाडाच्या फांदीनं तिला मागून मारतो आहे. क्रॉस कंट्रीत घोड्यानं अडथळ्याला पहिल्यांदा नकार दिला तर वीस गुणांचा दंड होतो, आणि तो स्वाराच्या खात्यात पडतो, म्हणजे चूक स्वाराची धरली जाते. अनोळखी घोड्याचं मन अचूक ओळखणाऱ्या माणसाला हे कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणूनच ती चित्रफीत मला जास्त खटकते. टॉडनं जाहीर माफी मागितली. ब्रिटिश शर्यत नियामक मंडळानं त्याच्यावर काही महिन्यांची बंदी घातली, आणि घोड्यांच्या कल्याणासाठी काम करणाऱ्या ज्या संस्थेचा तो आश्रयदाता होता, ते पद त्यानं सोडलं.