साबुदाण्याच्या डब्यातली चिठ्ठी

श्रोते हो, नमस्कार.

गिरगावातल्या आमच्या चाळीत, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, साबुदाण्याचा एक पितळी डबा होता आणि संकष्टी किंवा एकादशी सोडली तर त्याला कोणी हात लावत नसे. नेमक्या याच कारणासाठी माझ्या आत्याने त्याची निवड केली होती. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या वाचनालयातून खाकी कागदाचे वेष्टण घातलेली एखादी रहस्यकथा घरी आली की ती आधी आत्याकडे, मग माझ्या वडिलांकडे आणि शेवटी माझ्याकडे येई. आणि पाऊण पुस्तक वाचून झाले की ज्याने त्याने आपल्या मते खुनी कोण ते एका चिठोऱ्यावर लिहून, त्याला चार घड्या घालून, तो त्या डब्यात टाकायचा असा आमच्या घरचा कायदा होता. तिघांचेही वाचन पुरे झाल्यावर चिठ्ठ्या बाहेर निघत. एका एकादशीच्या आदल्या रात्री भिजत घातलेल्या साबुदाण्यात ‘डॉक्टर’ असे लिहिलेला कागद आईला सापडला आणि हा कायदा मोडीत निघण्याची वेळ आली, पण तेवढ्यावर निभावले.

रहस्यकथा वाचण्यात आनंद आहे, असे आपण म्हणतो. मला आज त्यातल्या एकाच आनंदाविषयी बोलायचे आहे, तो म्हणजे शेवटचे प्रकरण उघडण्याआधी खुन्याचे नाव स्वतःशी ठरवून टाकण्याचा. हा आनंद सगळ्याच रहस्यकथा देत नाहीत, आणि जुन्यात जुन्या कथा तर मुळीच देत नाहीत. एडगर ॲलन पो यांची पॅरिसमधल्या दुहेरी खुनाची कथा १८४१ साली प्रसिद्ध झाली आणि तिथून या कथाप्रकाराचा आरंभ मानतात. परंतु ती वाचताना उत्तर आपण शोधून काढू, असे कोणाच्या मनातही येणार नाही. शेरलॉक होम्स १८८७ मध्ये वाचकांसमोर आला. त्याच्या कथांवर माझे प्रेम आहे, तरीही तिथे आपण त्याच्या मित्राच्या, डॉक्टर वॉटसनच्या, शेजारी तोंडात बोट घालून बसलेले असतो, कारण होम्सने भिंगातून नेमके काय पाहिले हे पुष्कळदा आपल्याला उलगड्याच्या वेळीच कळते. जादूगाराचे प्रयोग पाहताना येते तशी ती मजा आहे. पत्त्याच्या डावाची मजा त्याहून वेगळी असते, कारण तिथे पाने आपल्याही हातात असतात.

पाने वाचकाच्या हातात देण्याची रीत पहिल्या महायुद्धानंतर रूढ झाली. ॲगाथा ख्रिस्ती यांची पहिली कादंबरी १९२० मध्ये आली आणि तिच्यामागे थोरल्या बहिणीचे आव्हान होते: वाचकाला खुनी ओळखता येणार नाही अशी कथा तुला लिहिता येणे शक्य नाही, असे बहिणीने त्यांना म्हटले होते. युद्धाच्या काळात ख्रिस्तीबाई टॉर्की येथील रुग्णालयाच्या औषधशाळेत काम करीत असत, त्यामुळे कोणते विष किती वेळात आणि कशात मिसळल्यावर कसे वागते हे त्यांना पक्के ठाऊक होते; आणि त्या पहिल्याच पुस्तकात त्यांनी ते इतके चोख लिहिले की औषधविक्रेत्यांच्या व्यावसायिक नियतकालिकानेही त्याची वाखाणणी केली. या चोखपणाला महत्त्व एवढ्यासाठी की रसायनशास्त्राची थोडी जाण असलेल्या वाचकाला त्या कोड्याची किल्ली खरोखरच सापडू शकत होती. मला ती सापडली नाही, ही गोष्ट वेगळी.

पुढे या खेळाचे नियमही झाले. रोनाल्ड नॉक्स नावाचे कॅथलिक धर्मगुरू स्वतः रहस्यकथा लिहीत. त्यांनी १९२९ मध्ये दहा आज्ञा घालून दिल्या. खुनी वाचकाला कथेच्या सुरुवातीच्या भागातच भेटलेला असावा, भुताखेतांची मदत घेऊ नये, एकाहून अधिक चोरवाटा ठेवू नयेत, आणि गुप्तहेराला जो धागा सापडेल तो त्याने तत्काळ वाचकाला दाखवावा, अशा स्वरूपाच्या त्या आज्ञा आहेत. त्यातली मला सर्वांत आवडणारी आज्ञा अशी की गुप्तहेराच्या मित्राची बुद्धी सर्वसाधारण वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचितच, कमी असावी. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये या लेखकांचा एक क्लब स्थापन झाला, जी. के. चेस्टर्टन त्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि दैवी साक्षात्कार किंवा योगायोग यांच्या आधाराने आपण गुन्ह्याचा उलगडा करणार नाही अशी शपथ नव्या सदस्याकडून घेतली जाऊ लागली. अमेरिकेत एलरी क्वीन या नावाने लिहिणारे दोघे मावसभाऊ तर कादंबरी ऐन रंगात आली असता मध्येच थांबत आणि वाचकाला बजावत की आता सर्व पुरावा तुमच्यासमोर आहे, खुनी कोण ते सांगा. आत्याला हे फार उशिरा कळले. साबुदाण्याचा डबा आपण त्यांच्याआधी शोधून काढला, असे ती आजही मानते आणि मी तिचा भ्रम दूर केलेला नाही.

आता पाने हातात असूनही आपण हरतो ते कसे, हे पाहण्यासारखे आहे. एक उदाहरण मीच रचते. दादरच्या एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, एक निवृत्त गृहस्थ मृतावस्थेत सापडले आहेत. फौजदार खोलीवरून नजर फिरवतो आणि लेखक आपल्याला सांगतो की टेबलावर चष्म्याचे घर, अर्धा प्यायलेला चहा, रेल्वेचा पास, औषधाची बाटली आणि उघडी दौत होती. पुढच्याच वाक्यात शेजारच्या खोलीत काहीतरी धाडकन पडते, सगळे तिकडे धावतात आणि पाहतात तो गृहस्थांची सून बेशुद्ध पडलेली असते. आपले सारे लक्ष सुनेकडे जाते. टेबलाकडे वळून पाहण्याची ज्यांना बुद्धी होते, ते चहा आणि औषध यांच्यावर नजर रोखतात, कारण खून म्हटले की विष आठवते. आणि चाळीस पाने मागे, भांडी घासणारी बाई पगाराची तक्रार करता करता बोलून गेलेली असते की साहेबांनी पायाच्या दुखण्यापासून, म्हणजे तीन वर्षांत, घराचा उंबरठा ओलांडलेला नाही. मग रेल्वेचा पास कोणाचा? तो यादीच्या अगदी मध्यभागी, म्हणजे नजर जिथून सर्वांत वेगाने घसरत जाते तिथे, ठेवलेला होता. लेखकाने काहीही लपवले नाही. त्याने फक्त दोन अर्धे तुकडे चाळीस पानांच्या अंतरावर ठेवले, एकावर तक्रारीचा सूर चढवला आणि दुसऱ्याच्या पाठोपाठ आवाज केला.

कोकणात चकवा लागणे म्हणतात. माणूस ओळखीच्याच रानातून चालत असतो आणि पहाटेपर्यंत त्याच एका झाडाभोवती फिरत राहतो. चांगल्या रहस्यकथेतली वाट चुकवणारी माणसे आणि वस्तू यांना मी चकवा हाच शब्द वापरते, कारण चकव्यात रान खोटे नसते, झाडे खोटी नसतात, आपल्या चालण्याला कोणीतरी किंचित बाक दिलेला असतो एवढेच. म्हणून माझ्या मते रहस्यकथेची खरी परीक्षा दुसऱ्या वाचनात होते. खुनी माहीत असताना पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचावे आणि त्या माणसाच्या तोंडचे प्रत्येक वाक्य तपासावे. ख्रिस्तीबाईंच्या १९२६ च्या एका कादंबरीवर वाचकांची फसवणूक केल्याचा आरोप झाला होता. ती मी अशी दोनदा तपासली आणि दोन्ही वेळा एकही वाक्य खोटे निघाले नाही, उलट काही वाक्यांना दोन अर्थ होते आणि मी सोयीचा तेवढा घेतला होता. याहून अधिक सांगितले तर ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांचा मी अपराध करीन. विरारला जाणाऱ्या गाडीत, महिलांच्या डब्यात, माझ्या खांद्यावरून वाचणाऱ्या एका अनोळखी बाईंनी दादरला उतरता उतरता ‘तो भाऊच असतो हं शेवटी’ असे सांगून माझे सव्वादोनशे पानांचे पुस्तक एका क्षणात वाया घालवले होते, तेव्हापासून मी या बाबतीत फार कडक आहे.

अंदाज करण्याच्या तऱ्हाही माणसागणिक निरनिराळ्या असतात. माझे वडील पुराव्याकडे ढुंकूनही पाहत नसत. ज्या माणसावाचून गोष्टीचे काहीच अडत नाही आणि तरीही लेखक ज्याला गोष्टीतून जाऊ देत नाही, तो खुनी, एवढे एकच सूत्र त्यांनी धरले होते आणि ते चिडवणाऱ्या सातत्याने बरोबर येई. आत्याला ही पद्धत मुळीच मान्य नव्हती. तिच्या मते हे खुन्याला पकडणे नव्हते, लेखकाच्या खिशात हात घालणे होते. ती जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर उभ्या-आडव्या रेघा मारून कोण किती वाजता कुठे होता याचा तक्ता करी, पोस्टाच्या वेळा आणि गाड्यांच्या वेळा त्यात भरी, आणि ज्याच्या नावापुढे वीस मिनिटांची मोकळी जागा राहील त्याच्यावर बोट ठेवी. मी त्या वयात जो माणूस मला आवडत नसे त्याचेच नाव लिहून मोकळी होत असे. अँथनी बर्कली यांच्या १९२९ च्या एका कादंबरीत विषारी चॉकलेटांच्या एकाच प्रकरणाचे सहा जण सहा उलगडे करतात आणि प्रत्येक उलगडा ऐकताना पटत जातो. ती वाचताना मला आमच्या स्वयंपाकघराची आठवण झाली होती.

आपल्या मराठीत या जातीच्या कोडेवजा कथा तुलनेने थोड्या लिहिल्या गेल्या, असे मला वाटते. बाबूराव अर्णाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्यांचा झुंजार आणि काळा पहाड यांनी गिरणगावापासून गिरगावापर्यंत दोन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, आणि ते ऋण लहान नाही. परंतु तिथे आपल्या डब्याचा उपयोग नसे. दुष्ट कोण हे बहुधा लवकरच उघड होई आणि जीव टांगणीला लागे तो नायक या पेचातून कसा सुटतो यासाठी. तो पाठलागाचा आनंद आहे आणि तो घेताना कोणी तक्ते मांडत बसत नाही. शिवाय आमच्या चाळीकडे पाहता मला नेहमी वाटे की या कथांना लागणारी जागाच आपल्याकडे नाही. जॉन डिक्सन कार यांनी १९३५ च्या एका कादंबरीत बंद खोलीतला खून किती प्रकारांनी करता येतो यावर गुप्तहेराच्या तोंडून एक अख्खे व्याख्यान दिले आहे. पण चाळीत खोली मुळात बंदच नसते, आणि सामाईक गॅलरीतून रात्री दोन वाजता कोण पाणी प्यायला उठले याची साक्ष द्यायला चार बिऱ्हाडे हजर असतात. गंमत म्हणजे मुंबईतल्या गणेश घोटे नावाच्या मराठी इन्स्पेक्टरला घेऊन रहस्यकथांची मालिका लिहिली ती एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाने. त्यातली पहिली कादंबरी १९६४ ची आहे, आणि त्यानंतर सुमारे दहा वर्षे कीटिंग यांनी मुंबई पाहिलेलीच नव्हती.

आता आमच्या वाचनालयातल्या एका पुस्तकाविषयी सांगते आणि थांबते. डेनिस व्हीटली यांनी १९३६ मध्ये पोलिसांच्या फायलीसारखे दिसणारे एक पुस्तक काढले होते, त्यात तारा, छायाचित्रे आणि खरीखुरी काडेपेटीची काडीसुद्धा होती, आणि उत्तराची पाने मोहोरबंद केलेली होती. आमच्या वाचनालयाने एकदा आम्हांला याहून कडक बंदोबस्ताचे पुस्तक दिले. तो एका इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद होता आणि त्याची शेवटची सोळा पाने कोणीतरी फाडून नेली होती. आत्या, वडील आणि मी, तिघांच्याही चिठ्ठ्या डब्यात पडलेल्या होत्या. वाचनालयाच्या मालकांनी त्या दिवसाचे भाडे माफ केले, त्याउपर त्यांच्याकडे उपाय नव्हता. वडिलांनी आपली चिठ्ठी काढून फाडून टाकली, माझीही त्याबरोबर गेली, परंतु आत्याने आपली चिठ्ठी काढू दिली नाही. पुढे चाळ सुटली आणि आत्या डोंबिवलीला राहायला गेली तेव्हा डबाही तिच्याबरोबर गेला.

दोन वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात, ती मूळ इंग्रजी कादंबरी मला मिळाली. शेवटची पाने शाबूत होती. मी ती तिथेच उभ्याने वाचली आणि घरी येऊन आत्याला फोन लावला. ती आता नव्वदीच्या घरात आहे आणि तिला ऐकू कमी येते, म्हणून खुन्याचे नाव मला तीनदा ओरडून सांगावे लागले.

“तो वकील?” आत्या म्हणाली. “अगं, मी त्या पुतणीचं नाव लिहिलं होतं.”

मी म्हटले, “चुकलीस मग.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “वकील दिवसभर घरात होता ना? मग जिन्याखालच्या त्या ओल्या छत्रीचं काय केलं त्यांनी?”

शेवटच्या सोळा पानांत छत्रीचा उल्लेख नव्हता. मी फोन तसाच धरून मागची पाने चाळली. छत्री एकशे बेचाळिसाव्या पानावर होती, जिन्याखाली, छडी आणि रबरी बूट यांच्या मध्ये, आणि ती ओली होती.