भेंडीच्या पानातली गुंडाळी

श्रोतेहो, नमस्कार. चवथीला खतखत्यासाठी, भाजीसाठी परसातली भेंडी आपण जपून ठेवतो. नेमकी त्याच दिवसांत आपल्या सात शिरांच्या भेंडीची पानं कर्ण्यासारखी वळलेली दिसतात आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, ''रोग पडला, फवारा मारा.'' जरा थांबा. आधी एक गुंडाळी उलगडून बघा.

गेल्या पावसात डिचोलीला बहिणीच्या परसात मी अशी एक उलगडली. पानाच्या कडा पांढऱ्या रेशमी धाग्यांनी टाके घालावेत तशा ओवलेल्या. आत काळ्या लेंड्यांचे कण, आणि त्यांत फिकट हिरवी, नितळ, काळ्या डोक्याची अळी. अंगातून खाल्लेलं पान दिसावं इतकी नितळ! पानासकट ती बरणीत ठेवली, तोंडाला मलमल बांधली. कोषही तिनं त्याच गुंडाळीत केला. नवव्या दिवशी सकाळी मलमलीला आतून पतंग बिलगला होता. पिवळसर पंख, त्यांवर तपकिरी नागमोडी रेघांची जाळी, डोक्यावर नि पाठीवर काळे ठिपके.

हा हरिटालोडीस डेरोगाटा. फॅब्रिशियस या शास्त्रज्ञानं 1775 मध्ये त्याचं वर्णन केलं. कापूसवाले शेतकरी याला चांगले ओळखतात. गोव्यात कापूस नाही, पण कापसाची भावंडं आहेत ना! भेंडी, जास्वंद, बांधावरची मुद्रा म्हणजे पेटारी, सगळी एकाच कुळातली. म्हणून मी सांगते, अळीचं नाव शोधताना आधी झाडाचं नाव विचारा. अर्धी ओळख तिथेच पटते.

सरद म्हणजे पावसाळी शेतातल्या भाताचं पान उभं दुमडून आतला हिरवा भाग खरवडणारी अळी वेगळ्या पतंगाची. ती भात आणि गवतांवर जगते, तुमच्या भेंडीकडे फिरकत नाही. पानावर पांढरे पट्टे दिसले की समजा, तीच.

भेंडीवर चार-सहा गुंडाळ्या असतील तर हातानं खुडून साबणाच्या पाण्यात टाका, तेवढं पुरतं. मात्र लवकर खुडा. कोष रिकामा झाला असेल तर पतंग अंडी घालायला निघून गेलेला असतो.

आणि पातोळ्यांसाठी हळदीची पानं काढताना एखादं गुंडाळलेलं मिळालं, तर ते तेवढं झाडावरच राहू द्या. त्यात बहुतेक वेळा पतंग नसतो, फुलपाखरू असतं. काळपट तपकिरी, मागच्या पंखांवर मोठा पांढरा डाग असलेलं.